सातव्या आठवड्याचे वतनदार

आमच्या मेहुण्यांच्या मालकीचा एक आठवडा आहे. जुळाऱ्याकडून एखादा शब्द गळला असे समजून वाचकांनी संपादकांस पत्र घालू नये. आठवड्याने भाड्याने घेतलेले घर नव्हे, आठवड्याची रजा नव्हे; आठवडाच. अमेरिकेतल्या युटा राज्यात पार्क सिटी नावाचे डोंगरातले गाव आहे. बर्फावरून घसरण्याच्या खेळाची तेथे मोठी पेठ आहे. त्या डोंगराच्या पायथ्याशी एका चारमजली इमारतीतल्या दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि गॅसवर पेटणारी एक शेकोटी, एवढी मालमत्ता दर वर्षी सातव्या आठवड्याच्या शनिवारी दुपारी चार वाजता मेहुण्यांची होते आणि पुढल्या शनिवारी सकाळी दहा वाजता त्यांची राहत नाही. याचे रीतसर खरेदीखत आहे; ते परगण्याच्या कचेरीत, कोलव्हिल गावी, नोंदलेले आहे; आणि ते वंशपरंपरेने चालणारे आहे. या प्रकाराला टाइमशेअर म्हणतात. आपण त्याला वतन म्हणावे.

कोकणातल्या वाचकांस ही कल्पना फोड करून सांगायला नको. सामाईक विहिरीवर सोमवारी थोरल्या घराची पाळी, मंगळवारी धाकट्या घराची. देवळातल्या पूजेचीही तशीच पाळी. आपल्या पाळीच्या दिवशी माणूस विहिरीचा राजा असतो आणि दुसऱ्या दिवशी रहाटाला हात लावला तर फौजदारी होते. पार्क सिटीची विहीर अशी बावन्न घरांत वाटलेली आहे. फरक इतकाच की आपल्याकडे विहीर कोणाच्या आज्याने खणली हे ठाऊक असते, आणि ती रातोरात तिसऱ्याच माणसाला विकली जात नाही. तिकडे जाते. ती तशी जात असताना आम्ही उभयता सात रात्री त्या वतनावर पाहुणे म्हणून राहून आलो, १५ ते २२ फेब्रुवारी २०२५. तेथे जे पाहिले ते सांगतो.

सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळापासून मोटारीने हे गाव पाऊण तासावर आहे. कळसूबाईचे शिखर ५,४०० फूट. हे गावच मुळी ७,००० फुटांवर. आमची सौ. मोटारीतून उतरली ती कमरेएवढ्या बर्फाच्या ढिगाकडे पाहत म्हणाली, “हे सगळं वितळलं की जातं कुठं?” हा प्रश्न तिला आपल्या घरच्या गच्चीच्या अनुभवावरून सुचला असावा.

इमारतीच्या दाराशी दोन कामगार शिडीवर चढून नवी पाटी बसवीत होते. मेहुण्यांनी खत केले तेव्हापासूनची ही तिसरी पाटी. पाटीवरचे नाव मी देत नाही. एक तर त्यात कोणाची बदनामी नको, आणि दुसरे म्हणजे हा अंक आपल्या हाती पडेपर्यंत ते टिकेलच याची मला खात्री नाही. आत गेल्यावर मात्र पुराणवस्तुसंशोधकास आनंद व्हावा असा प्रकार होता. चमच्यांवर पहिल्या कंपनीची आद्याक्षरे, टॉवेलांवर दुसरीची, आणि सही करायला दिलेल्या पेनावर तिसरीची. सही कशावर, तर मंगळवारी सकाळी नव्वद मिनिटांच्या ‘मालकांसाठी माहितीपर न्याहारी’ला येऊ अशा कबुलीवर. येणाऱ्यास शंभर डॉलरांचे भेटपत्र. मेहुणे म्हणाले, “दाजी, अमेरिकेत फुकट न्याहारी मिळाली की पाकीट घट्ट धरावं.” आणि त्यांनी सही केली.

या वतनदारीचे मूळही डोंगरातलेच, हे मला तिकडे गेल्यावर कळले. स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग ही संस्था १९६३ साली निघाली; सभासदांनी भाग घ्यायचे आणि संस्थेच्या घरांत पाळीने राहायचे. मग त्याच दशकात फ्रेंच आल्प्समधल्या सुपरदेव्होल्यू या बर्फाच्या गावी हॉटेलातल्या खोल्यांचे आठवडे विकण्याची युक्ती निघाली. यात नवल नाही. बर्फाच्या गावी घर घेणे म्हणजे वर्षातले दहा महिने कुलूप राखणे. त्यापेक्षा दहा-बारा दिवसांपुरते घर घेतले तर काय वाईट? १९७४ साली अमेरिकेत आरसीआय नावाची पेढी निघाली आणि या आठवड्यांची अदलाबदलही होऊ लागली. मेहुण्यांनी एका वर्षी आपला सातवा आठवडा देऊन गोव्यातला एक आठवडा घेतला होता. त्या पेढीच्या हिशेबात आठवड्यांना रंग असतात. लाल म्हणजे गर्दीचा, पांढरा मध्यम, निळा ओसाड. पार्क सिटीत एप्रिल-मे महिन्यांत बर्फ वितळून चिखल होतो, त्या दिवसांना गावकरी ‘चिखलाचा मोसम’ म्हणतात. सातवा आठवडा मात्र लालांतला लाल, कारण त्यात सोमवारी वॉशिंग्टनच्या जयंतीची सुटी येते. आपल्याकडे १९८६ साली स्टर्लिंगने आणि १९९६ साली महिंद्रने हा धंदा आणला, पण येथे बहुधा पंचवीस वर्षांचे सभासदत्व असते, मग सुटका. मेहुण्यांच्या खताला मुदत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

आता विहिरीची वंशावळ. खोल्या मेहुण्यांच्या, निदान सात दिवस. पण त्या खोल्यांची किंमत ज्या डोंगरामुळे, तो डोंगर कोणाचा? मी पहिले दोन दिवस खिडकीपाशी बसून हाच शोध करीत होतो. (स्की पायांना बांधण्याचे माझे वय नाही, आणि वय असते तरी एका दिवसाच्या तिकिटाला गर्दीच्या दिवसांत खिडकीवर तीनशे डॉलरांहून अधिक मोजण्याची ऐपत नाही.)

पार्क सिटी हे मूळचे चांदीच्या खाणींचे गाव. चांदीचे भाव पडले, खाणी बंद होत आल्या, तेव्हा खाण कंपनीनेच सरकारी कर्ज काढून डिसेंबर १९६३ मध्ये डोंगरावर स्कीची सोय केली. पुढे दोन वर्षांनी तिने काय करावे? खेळणाऱ्या मंडळींना खाणीच्याच आगगाडीत बसवून बोगद्यातून काही मैल डोंगराच्या पोटात नेले, आणि तेथून मजुरांच्या पाळण्यातून पावणेदोन हजार फूट वर उचलून माथ्यावर सोडले. अंधार, वरून ठिबकणारे पाणी, आणि हातात स्की! भिजलेली माणसे बर्फात बाहेर येत तेव्हा त्यांचे कपडे कडक होत. ही योजना फार वर्षे चालली नाही हे सांगायला नकोच.

पुढे कंपनीने स्कीचा धंदा विकला, पण डोंगर विकला नाही. तो भाडेपट्ट्याने दिला. १९९४ पासून हा धंदा पाउडर नावाच्या कंपनीकडे होता, आणि २००३ मध्ये खाण कंपनी, म्हणजे पर्यायाने डोंगर, टालिस्कर नावाच्या कंपनीकडे गेला. सगळ्या डोंगराचे भाडे वर्षाला दीड लाख डॉलरांच्या आसपास. मुंबईत जुन्या पागडीच्या जागेत राहणाऱ्यास या सुखाची कल्पना येईल. हा पट्टा आणखी वाढवून घ्यायचा तर २०११ मध्ये ठरल्या मुदतीच्या आत तसे लेखी कळवायचे होते. पत्र गेले, पण मुदत टळल्यावर. आपल्याकडे विजेचे बिल एक दिवस उशिरा भरले तर दंड होतो. येथे डोंगर गेला. अडीच वर्षे दावा चालला. मधल्या काळात स्थिती अशी की डोंगर एकाचा, आणि पायथ्याची जागा व मोटारी लावण्याचा तळ दुसऱ्याचा. वर चढायचे तर याच्याकडे, खाली उतरायचे तर त्याच्याकडे. मे २०१४ मध्ये न्यायाधीशाचा निकाल डोंगरवाल्याकडे झुकला, आणि सप्टेंबरात पायथाही १८ कोटी २५ लाख डॉलरांना विकला गेला. घेणारी व्हेल रिसॉर्ट्स. (माशाशी संबंध नाही; व्हेल हे कोलोरॅडोतले गाव.)

या व्हेल कंपनीने शेजारचा ‘द कॅनियन्स’ नावाचा डोंगर आदल्याच वर्षी, वर्षाला अडीच कोटी डॉलर भाड्याने, पन्नास वर्षांच्या बोलीने घेतला होता. त्या डोंगराची नावे मोजायची तर एका हाताची बोटे लागतात: १९६८ मध्ये पार्क सिटी वेस्ट, मग पार्कवेस्ट, मग वुल्फ माउंटन, १९९७ पासून द कॅनियन्स, आणि २०१५ मध्ये दोन्ही डोंगर पाळण्याने जोडून ७,३०० एकरांचा एकच पसारा केला तेव्हा तेही नाव डोंगरावरून उतरून पायथ्याच्या वस्तीपुरते उरले. मधल्या मालकाने, म्हणजे अमेरिकन स्कीइंग कंपनीने, तेथल्या हॉटेलातल्या खोल्या चौथाईने विकल्या होत्या. एका मालकाला वर्षातले तेरा आठवडे. चौथाई हा शब्द मराठी माणसास नवा नाही. पण आपण ती वसूल करीत होतो, येथे लोकांनी मोजून विकत घेतली. ती कंपनी कर्जात बुडाली, २००७ मध्ये तिने एकेक डोंगर विकायला काढला, आणि चौथाईवाले नव्या धन्याच्या पदरी पडले.

व्हेल कंपनीने ‘पार्क सिटी’ हे शब्दच स्कीच्या धंद्यापुरते आपल्या नावे नोंदवून घेण्याचा अर्जही केला होता. गाव खवळले, आणि २०१६ मध्ये तो मागे घेतला गेला. गावाचे नाव गावाकडेच राहिले, हा या वंशावळीतला मला आवडलेला एकमेव निवाडा.

डोंगर असे हिंडत असताना खोल्या चालवणाऱ्या कंपन्या तरी स्थिर असतील, तर तसेही नाही. मॅरियटचा आठवडे विकण्याचा धंदा २०११ मध्ये मूळ हॉटेल कंपनीपासून वेगळा काढला. त्यावरचे मॅरियट हे नाव तेव्हापासून परवान्याने वापरलेले. हिल्टनच्या नावाने चालणाऱ्या अशाच वेगळ्या कंपनीने २०२१ मध्ये डायमंड आणि २०२४ मध्ये ब्लूग्रीन ही घराणी विकत घेतली. तेव्हा लोक ज्या नावावर भरवसा टाकून आठवडा घेतात ते नावही भाड्याचे असू शकते, आणि न घेतलेले नाव एक दिवस आपल्या दारावर लागू शकते.

मंगळवारच्या न्याहारीत हेच निघाले. एका तरतरीत तरुणाने मेहुण्यांना पहिल्या नावाने हाक मारून, कॉफी ओतून, पडद्यावर समुद्रकिनारे दाखवले. मुद्दा असा: नव्या कंपनीला ठरलेले आठवडे नकोत. प्रत्येकाने आपला आठवडा कंपनीत जमा करावा आणि त्याबदली ‘गुण’ घ्यावेत. गुण खर्चून हवाईला जा, फ्लॉरिडाला जा. सातव्या आठवड्यालाच कशाला चिकटून बसता? मेहुणे इंजिनियर. त्यांनी एकच विचारले, “या गुणांत मला माझा सातवा आठवडा परत मिळेल का?” तरुणाने तक्ता चाळला. मिळेल, मात्र सातवा आठवडा लाल असल्याने त्याला जेवढे गुण पडतात त्याहून मेहुण्यांना मिळणारे गुण थोडे कमी भरत होते. कमी पडणारे गुण विकत घेता येतील, आणि आजच सही केल्यास सवलत आहे! सौ. माझ्या कानाशी म्हणाली, “म्हणजे आपलीच म्हैस देऊन वर दुधाचे पैसे.” नव्वद मिनिटांचे एकशे चाळीस झाले तरी मेहुण्यांनी सही केली नाही. भेटपत्र मिळाले, तेही इमारतीतल्याच उपाहारगृहात चालणारे.

मला या व्यवहारातला खरा तोटा त्या खोलीत कळला नाही. तो बुधवारी कळला.

सातव्या आठवड्याची मंडळी वर्षानुवर्षे तीच. सहाव्या आठवड्यात कोण येते हे त्यांना ठाऊक नाही, आठव्यात कोण तेही नाही. पण सातव्यातली सोळा-सतरा बिऱ्हाडे एकमेकांची मुलेबाळे, ऑपरेशने, नोकऱ्या सगळे ओळखून आहेत. चाळीत जसा शेजार असतो तसा हा शेजार, फक्त वर्षातून सात दिवसांचा. दर बुधवारी संध्याकाळी खालच्या दिवाणखान्यात सगळे आपापला एकेक पदार्थ घेऊन जमतात. मेहुण्यांच्या मंडळींचे बटाटेवडे तेथे पंचवीस वर्षे चालू आहेत, आणि ओरेगनचा एक दाढीवाला शेतकरी लसणाची चटणी मागून घेतो. त्या बुधवारी दिवाणखान्याच्या दारावर नव्या व्यवस्थापनाची सूचना होती: बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई. मंडळी मुकाट्याने ताटल्या उचलून मेहुण्यांच्या दोन खोल्यांत शिरली. पलंगावर, जमिनीवर, शेकोटीच्या कट्ट्यावर; तीसएक माणसे दाटीवाटीने.

त्यांत नेब्रास्काच्या एक बाई होत्या, निवृत्त शाळामास्तरीण. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. त्या स्की करीत नाहीत. गुडघे बदललेले आहेत. दिवसभर आपल्या खिडकीत बसून समोरच्या उतारावरची माणसे पाहतात. मी भीत भीत विचारले, गुण घेऊन उबदार ठिकाणी का जात नाही? त्या म्हणाल्या, “उबदार ठिकाणी माझ्या यजमानांना कोण ओळखतं?” एवढे बोलून त्यांनी दुसरा वडा घेतला.

गुणांचा हिशेब या शेजाराला धरत नाही, कारण तो कोणत्याच खतात लिहिलेला नाही. एकदा आठवडे सुटे झाले की ज्याला जेव्हा जागा मिळेल तेव्हा तो येईल. खोल्या भरलेल्याच राहतील, कदाचित अधिक भरतील, आणि नेब्रास्काच्या बाई खाली उतरतील तेव्हा दिवाणखान्यात सगळे अनोळखी. कंपनीच्या बाजूनेही खरे सांगितले पाहिजे. चिखलाच्या मोसमातले आठवडे कोणी घेत नाही, त्यांची पट्टी थकते, छपराचा खर्च मात्र सगळ्या वर्षाचा असतो. त्या थकलेल्या पट्टीचा भार सातव्या आठवड्यावर पडतो. मेहुण्यांची देखभालपट्टी त्यांनी खत केले तेव्हाच्या तिप्पट झाली आहे.

आणि काम करणारी माणसे? त्या बुधवारी याही विषयावर बोलणे झाले. दोनच महिन्यांपूर्वी, २७ डिसेंबर २०२४ ला, डोंगरावरच्या बर्फरक्षकांनी संप केला होता. हिमलोट पाडून वाट निर्धोक करणारी, मोडलेले पाय खाली आणणारी ही माणसे. ताशी पगार २१ डॉलरांवरून २३ वर न्यावा ही त्यांची मागणी. ऐन सुटीत डोंगराचा थोडाच भाग उघडा राहिला, पाळण्यांपुढे तास-तास रांगा लागल्या, आणि ८ जानेवारीला कंपनीने तडजोड केली. मालक किती बदलले तरी डोंगर चालत राहिला होता; दोनएकशे रक्षक बाजूला होताच तो थांबला. ओरेगनचा शेतकरी म्हणाला की त्यांच्या पाळीचे दोन डॉलर आपल्या पट्टीत आले असते तर मी आनंदाने दिले असते. मला हे बोलणे आवडले, जरी त्याच्या पट्टीचा आणि रक्षकांच्या पगाराचा काही संबंध नाही. त्या दोन वेगळ्या कंपन्या.

गुरुवारी मेहुण्यांची मुलगी सिॲटलहून आली. येथे ते वंशपरंपरेचे काम निघाले. मेहुणे आता पंचाहत्तरीचे. हे वतन मुलीच्या नावे करावे असे त्यांच्या मनात. भाची स्वभावाने सडेतोड.

“बाबा, मला ते खत नको.”

“अगं, तू चार वर्षांची असल्यापासून इथं येतेस. इथंच शिकलीस स्की.”

“मला इथं यायचं आहे. खत नको आहे. पट्टी दर वर्षी वाढणार, मालक दर वर्षी बदलणार, आणि मला ते सोडता येणार नाही. तुम्ही मला आठवडा देत नाही आहात, बिल देता आहात.”

मेहुणे काही बोलले नाहीत. शेकोटीचे बटण त्यांनी दोनदा बंद करून दोनदा लावले. भाचीचे म्हणणे कायद्याने बरोबरच होते. असे खत विकायला गेले तर बाजारात पुष्कळदा एक डॉलरही येत नाही. मरेपर्यंत पट्टी भरावी लागते. मात्र वारसाला असा वारसा लेखी नाकारता येतो, आणि काही कंपन्या पट्टी चुकती असल्यास खत परतही घेतात. ज्यांचे कोणी तिकडे असे वतनदार असतील त्यांनी या दोन गोष्टी वकिलाकडून आधीच समजून घ्याव्यात, आणि ‘आम्ही तुमची सुटका करतो, आधी फी भरा’ म्हणून टेलिफोन करणाऱ्यांना दाराबाहेर ठेवावे. अशा फसवणुकीबद्दल अमेरिकेतले सरकारी खातेच लोकांना सावध करीत असते.

शुक्रवारी मालकसंघाचे कागद दारातून आत सरकले. ठरलेले आठवडे मोडून गुणांची पद्धत आणावी की नाही यावर मतदान; मत पोस्टाने पाठवायचे; न आलेली मते कोणत्याच बाजूला धरणार नाहीत. नेब्रास्काच्या बाई आणि ओरेगनचा शेतकरी इतर आठवड्यांतल्या मालकांचे पत्ते मिळवण्यासाठी संघाच्या चिटणिसाकडे अर्ज लिहीत बसले होते. एकावन्न आठवड्यांचे अनोळखी भाऊबंद, सगळ्या देशभर विखुरलेले! मेहुण्यांनी त्यांच्या पाकिटांवर तिकिटे लावून दिली. भाचीने मजकूर टंकून दिला, आणि तो तिच्या बापाच्या मसुद्यापेक्षा पुष्कळ चांगला होता.

दिवाळीच्या थोडे आधी मेहुण्यांचे पत्र आले. ठरावाला लागणारी दोनतृतीयांश मते पडली नाहीत. आठवडे आहेत तसे राहिले. कंपनी पुढल्या वर्षी ठराव पुन्हा मांडणार आहे. दिवाणखान्याच्या दारावरची सूचना कायम आहे. पट्टी आणखी वाढली. भाचीने येत्या सातव्या आठवड्याची रजा टाकली असून ती पूर्ण सात दिवस येणार आहे. खत मात्र तिने घेतलेले नाही.